लघुप्रबंध दाखवायचा कुणाला?

पत्र:

ताई, मी पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. शाळा आणि बी.ए. दोन्ही मराठी माध्यमातून, बीड जिल्ह्यात. लघुप्रबंध ऊसतोड करणाऱ्या बायकांवर आहे आणि इंग्रजीत लिहायचा आहे. गाइड म्हणतात, "मटेरियल चांगलं आहे, पण लँग्वेज कुणाकडून तरी बघून घे." माझी रूममेट इंग्रजी माध्यमाची. ती लॅपटॉप ओढून घेते आणि सगळं बदलून टाकते. वाचायला छान लागतं, पण व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यातलं एखादं वाक्य समजावून सांग म्हटलं तर मी गप्प बसेन. यंदापासून आमच्या लायब्ररीत रायटिंग डेस्क सुरू झालाय. तिथे आपलं लिखाण नेऊन दाखवायचं, सीनियर मुलंमुली बसतात. पण तिकडे 'ढ' मुलं जातात असं सगळे म्हणतात. शिवाय तिथला मुलगा गेल्याच वर्षी एम.ए. झालेला आणि तोही इकॉनॉमिक्समध्ये. त्याला माझ्या विषयातलं काय कळणार? एक टायपिंगवाला तर पाच हजारांत 'सगळं करून देतो' म्हणाला. कुणाची मदत चालते आणि कुठून पुढे ती फसवणूक होते? सोबत दोन पानं पाठवतेय, मी लिहिलेली आणि रूममेटने सुधारलेली.
– एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर:

टायपिंगवाल्याचं आधी उरकून टाकू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये शैक्षणिक प्रामाणिकपणाचे नियम काढले. त्यांत प्रबंध किंवा लघुप्रबंध देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून हमीपत्र मागितलं आहे, की हे लिखाण मी स्वतः तयार केलेलं आहे आणि ते माझं मूळ काम आहे. त्या कागदाखाली सही तुझी असणार. पाच हजार घेणारा माणूस व्हायव्हाच्या दिवशी दुकानात निवांत झेरॉक्स काढत असेल. त्याच्याकडे बाइंडिंगला जा, बाकी कशाला नको.

तुमच्या वर्गात सध्या "प्लॅग किती आलं?", म्हणजे सॉफ्टवेअरला दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती साम्य दिसलं, हा प्रश्न फिरत असणार. त्याच नियमांतली कोष्टकं मुलांना तोंडपाठ असतात. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीस असेल तर ठरलेल्या मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, सुधारून पुन्हा द्यायचं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही, आणि साठच्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत नाव देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळतात. एवढं माहीत असलं की पुरे. कारण सॉफ्टवेअर फक्त शब्दाला शब्द जुळवतं. रूममेटने पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहिलेला प्रबंध त्याला शून्य टक्के दिसेल, आणि तू लायब्ररीत घाम गाळून, चार पुस्तकांचा आधार घेत लिहिलेलं प्रकरण कदाचित बारा टक्के दिसेल. तेव्हा मदत कुठवर चालते याचं उत्तर त्या आकड्यात शोधू नकोस.

माझी कसोटी अशी. मदत घेऊन झाली की लॅपटॉप मिटायचा आणि तो परिच्छेद समोरच्याला मराठीत सांगायचा: यात मी काय म्हणतेय, कशावरून म्हणतेय, आणि हाच शब्द का वापरलाय. सांगता आलं तर मदत कितीही मोठी असो, लिखाण तुझं. सांगता आलं नाही, तर स्वल्पविराम सोडून काही बदललेलं नसलं तरी तुला त्यावर पुन्हा बसावं लागेल. तुझी भीती नेमकी हीच आहे. तू पत्रात 'मी गप्प बसेन' म्हणतेस. म्हणजे कसोटी तुला माहीत होती, फक्त खात्री हवी होती.

आता तुझी दोन पानं. मी दोन्ही शेजारी ठेवून वाचली.

तुझं पहिलं पान सगळं साखर उद्योगाच्या इतिहासाचं आहे. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, प्रवरानगरचा सहकारी कारखाना, मग राज्यभर पसरलेले कारखाने. या पानाचं इंग्रजी अगदी स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ, की ते शोधगंगेवरच्या, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यातल्या, कुठल्यातरी प्रबंधावरून सरकत सरकत तुझ्याकडे आलंय असं मला वाटतं. रागावू नकोस. ऊसतोडीवरच्या प्रबंधांची पहिली प्रकरणं बहुतेक अशीच असतात आणि परीक्षक ती भराभर उलटतात.

दुसऱ्या पानावर, मुक्कामाच्या ठिकाणच्या पाण्याबद्दल सांगता सांगता, तू मधेच एक वाक्य टाकलंस. त्याचं व्याकरण सपशेल मोडलेलं आहे. क्रियापद एकवचनी, कर्ता अनेकवचनी, आणि 'आणि' ने जोडलेले चार तुकडे. पण ते सांगतं काय? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आणि उचल, म्हणजे हंगामाची आगाऊ रक्कम, टोळीचा मुकादम नवऱ्याच्या हातात देतो. दोन्ही पानांत मिळून हे एकच वाक्य तुझ्या गावाहून आलेलं आहे.

रूममेटने त्याचं काय केलं ते बघ. तिच्या पानावर तिथे एक सुरेख वाक्य आहे, ज्याचा अर्थ होतो की पती आणि पत्नी दोघेही कुटुंबाच्या उत्पन्नात हातभार लावतात. कोयता गेला, उचल गेली, मुकादम गेला. उरलं ते कुठल्याही देशातल्या कुठल्याही घराला लागू पडेल. तिने हे वाईट हेतूने केलेलं नाही. तिला कोयता हे मजुरीच्या हिशेबाचं एकक असतं हे माहीतच नव्हतं. तिला ते वाक्य चुकीचं इंग्रजी वाटलं आणि तिने ते 'बरोबर' केलं. तिने तुला त्याचा अर्थ एकदा विचारला असता तर लघुप्रबंध एका पायरीने वर गेला असता.

म्हणून तो इकॉनॉमिक्सचा मुलगा. "त्याला माझ्या विषयातलं काय कळणार" असं तू विचारतेस. काहीच कळणार नाही, आणि त्याला दाखवायचं ते त्यासाठीच. कल्पना कर, तो ते वाक्य वाचतो आणि अडतो. म्हणतो, दोघांची मिळून एक मजुरी? मग त्यात बाईची किती? तू म्हणशील, वेगळी धरतच नाहीत. तो म्हणेल, मग ती आजारी पडली तर? तू म्हणशील, खाडा लागतो, मुकादम पैसे कापतो. आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही तर? पुढच्या हंगामावर ओढतात. मग हे कर्ज दोघांचं की नवऱ्याचं? इथे तू थांबशील, कारण हे तू तुझ्या बायकांना विचारलेलं नसेल, किंवा विचारून वहीत नोंदवलं असेल पण प्रबंधात कुठे घालावं ते सुचलं नसेल. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गाजल्या आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्या प्रश्नाची एक मुळी या खाड्याच्या भीतीशी जाऊन भिडते, आणि तुझा परीक्षक त्याबद्दल विचारणारच. दहा मिनिटांच्या या गप्पांत तुझ्या तिसऱ्या प्रकरणाचा सांगाडा उभा राहतो. समाजशास्त्राचा मुलगा कदाचित "हां, जेंडर्ड लेबर" म्हणून मान डोलवून पुढे गेला असता.

हे बोलणं मराठीत होऊ दे. डेस्कवर इंग्रजीतच बोलायचं असा नियम बहुधा नसतो, आणि असला तर बदलायची विनंती कर. तू मुद्दा मराठीत बोलून मोकळी झालीस की तो मुलगा म्हणेल, आता हेच लिही, मी पाच मिनिटं गप्प बसतो. ती पाच मिनिटं फार मोलाची असतात. तेव्हा येणारं इंग्रजी साधं असेल, वाक्यं आखूड असतील. चालतं. किंबहुना आखूड वाक्यं लिहिणाऱ्या मुलांचे प्रबंध वाचताना परीक्षकाचं डोकं कमी दुखतं, हे मी परीक्षक म्हणून सांगते.

'ढ' मुलांचं जे चाललंय ते फार जुनं आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळांतून पास होणाऱ्या सगळ्यांना प्रवेश खुला केला. घराण्यात कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढणारी मुलं मोठ्या संख्येने आली आणि पेपर लिहिताना अडखळू लागली. विद्यापीठाच्या ब्रुकलिन कॉलेजात केनेथ ब्रफी नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या लक्षात आलं की ज्यांना गरज आहे तीच मुलं जादा मदत नाकारतायत, कारण ती मदत म्हणजे त्याच वर्गाचं शेपूट: समोर पुन्हा मास्तर, पुन्हा तपासणी, पुन्हा लाज. मग त्यांनी विद्यार्थ्यांनाच तयार करून विद्यार्थ्यांसमोर बसवलं. शिकणारी मुलं तर सुधारलीच, शिकवणारीही सुधारली. तिथल्या विद्यापीठांत आज रायटिंग सेंटर ही लायब्ररीइतकी साधी गोष्ट आहे, आणि पीएच.डी.ची मुलंही तिथे जातात. माझ्या ओळखीतली जी मराठी मुलं तिकडे शिकायला गेली, ती सेमिस्टरच्या सुरुवातीलाच वेळा धरून ठेवतात, कारण शेवटी जागा मिळत नाही. आपल्याकडे सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या खाजगी ठिकाणी लेखन केंद्र आहे. अनुदानित कॉलेजात कुणी असा डेस्क चालवत असेल तर ते कौतुकाचं आहे. ज्यांना कुजबुजायचंय ते कुजबुजोत. त्यातले निम्मे शेवटच्या आठवड्यात तुझ्याआधी रांगेत दिसतील.

आता जाताना काय न्यायचं. पूर्ण प्रबंध नको. साठ पानं समोर टाकलीस तर तो बिचारा फक्त स्पेलिंग बघेल. दोन-तीन पानं ने, आणि ती अर्धवट असू देत. मुलं लिखाण सगळं आटपल्यावर, बाइंडिंगच्या आदल्या दिवशी दाखवायला येतात. तेव्हा काही बदलायची हिंमतच उरलेली नसते. विभागाने दिलेली नियमावली आणि गाइडने पेन्सिलीने केलेले शेरे बरोबर ने. आणि एक प्रश्न ठरवून जा. "हे बघ ना जरा" हा प्रश्न नव्हे. "या परिच्छेदात माझं म्हणणं कितव्या वाक्यात कळतं?" हा प्रश्न आहे. "इथून इथे उडी वाटते का?" हाही आहे.

बसल्यावर मजकूर मोठ्याने वाच. तूच वाच, त्याने नाही. अडखळलीस की तिथे रेघ मार. मग प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात एक ओळ मराठीत लिही: या परिच्छेदात काय सांगितलं. ज्या परिच्छेदाला ओळ सुचत नाही तो काढायचा किंवा फोडायचा. ज्या दोन परिच्छेदांना एकच ओळ आली ते एकत्र करायचे. साखर उद्योगाच्या इतिहासाच्या पानाला हा उपाय लावलास तर त्याचं अर्धं पान होईल असा माझा अंदाज आहे. पेन किंवा कीबोर्ड त्याच्या हातात जाऊ देऊ नकोस. चांगला डेस्कवाला स्वतःच ते घेत नाही. घेतलाच, तर हसून म्हण, "तू सांग, मी लिहिते."

व्याकरणाला शेवटी हात घाल, पण घाल. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' नसतात, त्यामुळे आपल्या सगळ्यांचे ते गळतात किंवा नको तिथे बसतात. 'डिस्कस' पुढे आपण 'अबाउट' लावतो. एका परिच्छेदात भूतकाळ आणि वर्तमानकाळ एकमेकांच्या अंगावर चढतात. तुझ्या दुसऱ्या पानावर या तिन्ही चुका पुन्हा पुन्हा येतात. डेस्कवरच्या मुलाला म्हण, एका पानावरच्या फक्त दाखव, पुढच्या मी शोधते. वहीच्या शेवटच्या पानावर त्या तीन लिहून ठेव आणि दरवेळी एकेका चुकीसाठी वेगळा हात फिरव. संदर्भ देण्याच्या पद्धतीसाठी त्याचा वेळ घालवू नकोस. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचं ऑनलाइन रायटिंग लॅब १९९४ पासून आहे, फुकट आहे, आणि एपीए, एमएलए, सगळ्याचे नमुने तिथे मिळतात. फक्त तुमच्या विभागाला कुठली पद्धत हवी ते आधी विचार.

एक गोष्ट मात्र तू पत्रात विचारली नाहीस आणि मला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. तुझ्या दुसऱ्या पानावर एका बाईचं पूर्ण नाव आहे, तिच्या वस्तीचं आहे आणि मुकादमाचंही आहे. ही बाई पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत जाणार आहे. तिने जे सांगितलं ते तुला सांगितलं. डेस्कवरच्या मुलाला, रूममेटला किंवा मला दाखवण्याआधी नावं आणि ठिकाणं बदल. तुझ्याकडे खऱ्या नावांची यादी वेगळ्या वहीत राहू दे. चॅटजीपीटीसारख्या साधनाला तर मुलाखतीचा मजकूर असा घालूच नकोस. ते वापरायला विभागाची परवानगी आहे का हे गाइडना विचारून घे. परवानगी असली तरी त्याला लिहायला सांगू नकोस. तेही तुझ्या रूममेटसारखंच गुळगुळीत करून देतं, फक्त जास्त वेगाने. अगदी वापरायचंच तर त्याला विचार की या परिच्छेदावर एखादा अनोळखी वाचक कुठले प्रश्न काढेल.

डेस्कवरच्या मुलाच्या काही मर्यादा आहेत. किती बायकांच्या मुलाखती घ्यायच्या, प्रश्नावली कशी असावी, सिद्धांताची चौकट कुठली, हे त्याचं काम नव्हे. त्याने उत्साहात सांगितलंच, तर ऐकून घे आणि गाइडकडे जा. दोघांचं जुळलं नाही तर गाइडचं धर. मुलगा फारच 'तुझं इंग्रजी कच्चं आहे' करत बसला तर दुसऱ्या दिवशी दुसरी व्यक्ती बसते तेव्हा जा. डेस्क म्हणजे लग्न नाही.

आणि गाइडना एकदा नीट विचार की 'लँग्वेज' म्हणजे त्यांना काय खटकतंय. एका पानावर खुणा करून द्या म्हण. पुष्कळदा गाइड 'लँग्वेज' म्हणतात तेव्हा त्यांना म्हणायचं असतं की मुद्दा पोचत नाही. ते वेगळं दुखणं आहे आणि त्यावर स्पेलचेक चालत नाही. जाता जाता हेही विचार की लघुप्रबंध मराठीत देता येतो का. काही विभागांत चालतं, काहींत नाही. चालत असेल तर घाईने निर्णय घेऊ नकोस. पुढे पीएच.डी. कुठे करायची आहे, तुझं वाचन कुठल्या भाषेत झालंय, हे बघून ठरव. मराठीत लिहिलंस तरी डेस्क लागेलच. मराठीतही मुद्दा तितकाच हरवतो.

राहिली रूममेट. तिला तोडू नकोस. तिला सांग, "तू लिहून दिलंस की मला व्हायव्हाला बोलता येत नाही. तू फक्त वाच आणि जिथे समजलं नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढ." पहिल्यांदा तिला कंटाळा येईल, कारण चूक सुधारणं प्रश्न विचारण्यापेक्षा सोपं असतं. दुसऱ्यांदा जमेल. आणि तिचाही कुठलातरी प्रकल्प चालूच असेल. तिला मुलाखती घ्यायच्या असतील, मराठीत प्रश्नावली करायची असेल, तर तिथे तिचं पान तू वाच. परीक्षेच्या तोंडावर फुकटची मदत दोन आठवडे टिकते, देवाणघेवाण वर्षभर.

ज्यांच्या कॉलेजात असा डेस्क नाही त्यांच्यासाठी: दोन वेगवेगळ्या विषयांची दोन माणसं, आठवड्यातला एक ठरलेला तास आणि कॅन्टीनऐवजी वाचनालय, एवढ्यावर भागतं. अर्धा तास एकाचं, अर्धा तास दुसऱ्याचं. दोघंही एकाच विषयाची असली तर मात्र तास गाइडच्या तक्रारी करण्यात जातो.

ऋणनिर्देशात रूममेटचं आणि डेस्कवरच्या मुलाचं नाव लिही, आणि कशासाठी तेही लिही: कच्चा मसुदा वाचून प्रश्न विचारले म्हणून. मदत उघड लिहिलेली असली की व्हायव्हाला त्याबद्दल कुणी विचारलं तरी घाबरायचं कारण राहत नाही. या आठवड्यात डेस्कवर पहिलं प्रकरण नेऊ नकोस, कोयत्याचं पान ने. नावं बदलून.